मान टाकलेलं रोप

शिरोळ तालुक्यात मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात नर्सरीवाल्याला बसून बोलायला सवड नसते. मिरग तोंडावर आलेला असतो, मिरचीची रोपं भरात असतात, फोन वाजत राहतो आणि दुपारी वळीव कधी कोसळेल याचा नेम नसतो. जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड या भागात हिंडताना उसाच्या फडांमधून हिरव्या-पांढऱ्या जाळीचे मांडव दिसतात. काही मांडवांत उसाचीच रोपं असतात, काहींत मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर. मला या मांडवांची ओढ आहे. उभ्या पिकापेक्षा पीक होण्याआधीचे हे तीस-पस्तीस दिवस मला जास्त बोलके वाटतात. शेतातल्या पिकाचं दुखणं शंभर कारणांत गुंतलेलं असतं. रोपात ते उघडं पडतं. चार पानं, वीतभरही नसलेलं खोड आणि मुळांचा एक पुंजका. जे काही बिघडलंय ते एवढ्यातच कुठेतरी असतं.

आणि तरीही ते दिसत नाही, कारण बघायच्या आधीच हात पंपाकडे जातो. दुकानात जाऊन ‘रोपं मरायला लागलीत’ एवढं सांगितलं की समोर तीन पुड्या येतात. एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक टॉनिक. तिन्ही एकाच टाकीत. उद्या रोपं तगली तर कशानं तगली हे कळत नाही, मेली तर कशानं मेली हेही नाही. पैसा जातो तो जातोच, पण मला त्याहून मोठं नुकसान वाटतं ते शिकण्याचं. पुढच्या हंगामात तेच दुखणं आलं की तोच शेतकरी त्याच तीन पुड्या घेऊन उभा असतो.

ज्या आण्णांच्या मांडवात उभं राहून मी हे सगळं बघायला शिकलो, त्यांचा पहिला प्रश्न औषधाचा कधीच नसतो. कुणी ओल्या पोत्यात गुंडाळून चार रोपं आणली की ते रोपाकडे नंतर बघतात; आधी विचारतात, “सगळीच झोपलीत, का ठराविक?” या एका प्रश्नात निम्मं निदान असतं. वाफ्यात ताटाएवढी गोल जागा बसली आणि ती रोज वीतभर पसरत गेली, तर ते जिवंत काहीतरी आहे: बुरशी किंवा तिच्यासारखं. सगळा वाफा एका रात्रीत, एकसारखा कोमेजला, तर रोग एवढ्या शिस्तीनं येत नाही. पाणी, खत किंवा फवारणी यांतलं काहीतरी चुकलंय. एका सरळ ओळीत रोपं करपली तर पंपाच्या नोझलकडे किंवा पाण्याच्या पाइपकडे बघा. फक्त कडेच्या ट्रेमधली रोपं बारीक राहिली, तर तिथे वारा लागून कोकोपीट लवकर वाळतंय. रोगाला जागा असते आणि चुकीलाही जागा असते, पण दोघांचा नकाशा वेगळा असतो. हा नकाशा रोप उपटून दुकानात नेलं की मागेच राहतो. म्हणून आण्णा शक्य असेल तेव्हा वाफ्याचा फोटो मागतात, एकट्या रोपाचा नाही.

मान टाकलेल्या रोपाची गोष्ट सगळ्यात जुनी. काल संध्याकाळी हिरवंगार उभं असलेलं रोप सकाळी जमिनीलगत वाकून पडलेलं दिसतं. पानं अजून हिरवीच असतात. खोड मात्र मातीला टेकतं तिथे पाणी भरल्यासारखं, मऊ आणि दोऱ्याएवढं बारीक झालेलं. याला पुस्तकात रोपमर म्हणतात. कारण बहुतेक वेळा पिथियम. हे दिसायला बुरशीसारखं, पण शास्त्रज्ञ आता त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. त्याचं नातं शैवालांच्या बाजूला जास्त जवळचं. ही फक्त वर्गीकरणाची बारीकी असती तर मी ती इथे सांगितली नसती. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यांना शेपटीसारखे तंतू असतात आणि साचलेल्या पाण्याच्या पातळ थरातून ते एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे जातात. म्हणजे जास्तीचं पाणी हे रोपाला नुसतं गुदमरवत नाही, ते शत्रूला रस्ताही करून देतं. रायझोक्टोनियाची तऱ्हा निराळी. तो कोरड्या अंगाचा. खोडाला तपकिरी, आत दबलेला चट्टा पाडतो, आणि रोप पडलं नाही तरी आयुष्यभर त्या जागी तारेसारखं कडक, बारीक राहतं. दोन्हींना एकच औषध देऊन भागत नाही. पण दोघांपासून वाचायचा एक मार्ग सारखाच आहे: पहिले दोन-तीन आठवडे सांभाळा. एकदा खोड लाकूड धरू लागलं की ही मर बहुतेक आपोआप थांबते.

भारतात या पिथियमचा मन लावून अभ्यास केला तो एडविन बटलर यांनी. बिहारातल्या पुसा इथल्या संस्थेत ते सरकारी कवकतज्ज्ञ होते, आणि १९०७ साली त्यांचा पिथियम वंशावरचा मोठा प्रबंध कृषी खात्यानं प्रसिद्ध केला. पण आपल्याकडचा शेतकरी बटलरांच्या कितीतरी आधीपासून या शत्रूशी झुंजत होता, त्याचं नाव माहीत नसताना. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, आजरा या बाजूला उन्हाळ्यात गेलात तर भाताच्या तरवाची भाजणी दिसते. पालापाचोळा, शेण, वाळलेल्या फांद्या जमिनीवर पसरून, वर माती टाकून हळूहळू जाळायचं, आणि पहिल्या पावसाला त्या भाजलेल्या तुकड्यात बी टाकायचं. कागल-निपाणीकडे तंबाखूचं तरू टाकणारे लोकही जागा भाजून घेत. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांवर दाणे बसतात. त्यातून निघणाऱ्या कोंबाला मर पेलवणारच नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

या भाजणीलाच राब म्हणतात, आणि राब म्हणजे राखेचं खत, असं पुष्कळांना वाटतं. १९१२ साली हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर शास्त्रीय लेखन केलं. मॅन तेव्हा पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. नुसती राख टाकून राबाचा सगळा गुण येत नाही, जमीन तापण्याचा त्यात मोठा वाटा आहे, ही गोष्ट त्या काळच्या प्रयोगांतून पुढे आली. मला हा धागा फार मोलाचा वाटतो, कारण तो पुढे जाऊन एका अगदी वेगळ्या देशात निघतो. १९७६ साली इस्रायलमध्ये याकोव्ह कटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून ऐन उन्हाळ्यात काही आठवडे ठेवलं, तर उन्हाच्या तापानंच जमिनीतले कितीतरी रोगकारक मरतात. न जाळता भाजणी. शिरोळच्या मळ्यात एप्रिलमध्ये गादीवाफ्यावर अंथरलेला तो प्लॅस्टिकचा कागद बघितला की मला त्यात राधानगरीचा तरवाही दिसतो. जंगलाचा पाला न तोडता, धूर न करता तेच काम होतं, आणि कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाला दुसरं एवढं उपयोगी काम क्वचितच असेल. हे अजून गावोगाव का होत नाही, याचं मला वाईट वाटतं. कागद स्वस्त आहे. लागतो तो महिनाभर आधीचा विचार.

गादीवाफ्याची जागा आता बहुतेक ठिकाणी ट्रेनं घेतली आहे. प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात अठ्ठ्याण्णव किंवा एकशेचार कप्पे, कप्प्यात कोकोपीट, प्रत्येक कप्प्यात एक बी. अमेरिकेत फ्लोरिडात जॉर्ज टॉड यांनी १९६०-७० च्या दशकांत खाली निमुळत्या होत जाणाऱ्या कप्प्यांचा ट्रे रुळवला. मूळ खालच्या भोकातून हवेत आलं की टोक वाळतं आणि मागून नवी मुळं फुटतात, हा त्यातला विचार होता. संकरित बियाण्याच्या किमती बघता ट्रे आला हे बरंच झालं. एकरी सहा-सात हजार रोपं लागतात. वाफ्यात ओतून बी टाकायचे दिवस गेले. पण ट्रेनं मर संपवली असं मानणं चूक आहे. ट्रेनं माती काढून घेतली, पाणी आपल्याच हातात ठेवलं.

आणि पाण्यातच सगळी मेख आहे. कोकोपीट वरून भुरकं, कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. कोरडं दिसलं की झारी फिरते. दिवसातून दोनदा, तीनदा. वर हिरवं शेवाळ येतं, बारीक काळी चिलटं उडायला लागतात, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात, आणि त्या जखमेतून पिथियम आत शिरतं. सगळं झालं ते मायेनं दिलेल्या पाण्यानं. ट्रे भरणाऱ्या, बी टोकणाऱ्या, पाणी मारणाऱ्या बायका इथे तज्ज्ञ असतात. त्यांतली एक आक्का पाणी मारण्याआधी ट्रेचा एक कोपरा उचलून बघते. “वजन सांगतंय की,” ती म्हणते. हलका लागला तर पाणी, जड लागला तर पुढचा ट्रे. ओलावा मोजायचं कुठलंही यंत्र मी याच्या वर धरणार नाही. संध्याकाळी ती पाणी मारू देत नाही. रात्रभर पान ओलं राहिलं की रोगाला रान मोकळं मिळतं. जूनच्या ढगाळ हवेत तर दोन-दोन दिवस झारीला हात लागत नाही, आणि नवीन कामाला आलेल्या मुलींना हेच सगळ्यात अवघड जातं. पाणी न देणं हे काम आहे, हे पटायला वेळ लागतो.

कुठलंही शंकास्पद रोप असलं की आण्णा ते खालून दाबून, पुंजक्यासकट बाहेर काढतात. पानं नंतर. निरोगी मूळ पांढरं असतं, त्यावर बारीक केसाळ लव असते आणि पुंजका कप्प्याचा आकार धरून राहतो. आजारी मूळ तपकिरी. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल निघून येते आणि आतला पांढरा दोरा हातात राहतो. त्याला ओलसर, कुजका वास असतो. हे बघायला एक मिनिट लागतं. नुसत्या पिवळ्या पानावरून औषध सांगणाऱ्यांनी हे एक मिनिट दिलं असतं तर किती टाक्या औषध वाचलं असतं. मूळ मेलेलं असताना पानावर मारलेलं खत पानाच्या काय कामाचं?

मग पान. पिवळं पान म्हणजे नत्र कमी, एवढ्यावर थांबू नये. कुठलं पान, हे बघावं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता खरी. नत्र रोपात फिरतं, नव्या पानासाठी जुन्यातून काढून नेलं जातं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील, तर लोह मिळत नाही. लोह फिरत नाही. आणि बहुतेक वेळा लोह नसतं असं नाही. पाण्याचा सामू जास्त असल्यानं ते मुळाला घेता येत नाही. टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी झाली की लोक स्फुरदाचं खत शोधतात. डिसेंबर-जानेवारीत, रात्री पारा पंधराच्या खाली उतरतो तेव्हा हे हमखास दिसतं. थंड मुळाला स्फुरद उचलता येत नाही. खत वाढवून काही होत नाही. रात्री ट्रेवर आच्छादन घालावं लागतं आणि चार ऊबदार दिवस थांबावं लागतं.

शिरोळचं म्हणून एक खास दुखणं आहे, आणि ते रोपाच्या पानावर लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं उसाला मोकाट पाणी दिल्यानं या तालुक्यातल्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. दत्त साखर कारखान्यानं जमिनीखालून पाइप टाकून निचरा करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं, त्यानं काही रानं पुन्हा पिकाखाली आली. पण खाली साचलेलं खारट पाणी विहिरींत आणि बोअरमध्ये आहेच. तेच पाणी ट्रेला दिलं की आठ-दहा दिवसांत कोकोपीटवर पांढरा पापुद्रा येतो, पानांच्या कडा करपतात, वाढ थबकते. त्यात कोकोपीट नीट धुतलेलं नसेल तर दुहेरी मार. नारळाच्या सालीत मुळातच मिठाचा अंश असतो, तो धुऊन, कॅल्शियम नायट्रेटमध्ये मुरवून काढावा लागतो. करपलेली कड बघून पुष्कळजण बुरशीनाशक मारतात. ती मिठाची जखम असते. मला वाटतं, कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी रोप सांगून मोकळं होतं की हे पाणी आता पिकांना पेलवत नाही. गावानं ते ऐकून उसाच्या पाण्याचा विचार करावा, अशी माझी फार इच्छा आहे.

मिरचीच्या चुरड्या-मुरड्याचं निदान तर लहान मुलालाही शिकवता येईल. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर फुलकिडे. खालच्या बाजूला, उपड्या होडीसारखं वळलं, देठ लांबट झाला तर कोळी. दोघांना गावात एकच नाव, बोकड्या. म्हणून दोघांवर एकच औषध मारलं जातं, आणि फुलकिड्यांच्या औषधानं कोळी मरत नाहीतच, उलट कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतात. दहा पटींचं भिंग खिशात असलं की पानाच्या मागची बाजू सगळं सांगते. आणि पानं आखूड, जाडसर, पिवळट होऊन गुच्छ झाला असेल तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असू शकतो. त्याला औषध नाही. ते रोप काढून टाकायचं, पिशवीत घालून.

विषाणूंचा विषय निघाला की मला निपाणी-कागलची तंबाखू आठवते. जगात पहिल्यांदा ओळखला गेलेला विषाणू तंबाखूच्याच पानावरचा. १८८६ मध्ये आडोल्फ मायर यांनी या ‘मोझॅक’ रोगाचं वर्णन केलं, १८९२ मध्ये इवानोव्स्की यांना दिसलं की जिवाणू अडकणाऱ्या गाळणीतूनही रोग पलीकडे जातो, आणि १८९८ मध्ये बायरिंक यांनी हा जिवाणू नसून वेगळंच काहीतरी आहे असं मांडलं. हा विषाणू वाळलेल्या, सुकवलेल्या तंबाखूतही वर्षानुवर्षं टिकतो आणि हातानं पसरतो. आपल्या भागात रानात काम करणाऱ्या किती हातांना तंबाखूचा वास असतो, हे मी सांगायला नको. तेच हात टोमॅटोच्या, मिरचीच्या रोपांवरून फिरतात. आण्णांच्या मांडवाच्या दारात साबण आणि पाण्याची बादली असते, आणि चंची बाहेर ठेवूनच आत यायचं. काही नर्सऱ्यांत पातळ दुधात हात बुडवून रोपं हाताळतात; दुधातली प्रथिनं या विषाणूला निकामी करतात, हे परदेशातही सिद्ध झालेलं आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात टोमॅटोवर जे संकट आलं त्याला लोकांनी ‘तिरंगा’ म्हटलं. फळ कुठे पिवळं, कुठे लाल, कुठे हिरवंच. टाळेबंदीच्या दिवसांत आधीच बाजार बंद, त्यात हे. सगळा रोष आधी बियाणं आणि नर्सऱ्यांवर आला. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत तपासले गेले तेव्हा त्यांत प्रामुख्यानं कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. तो माव्यामार्फत पसरतो. तेव्हा नर्सरीत कुठे काय चुकलं आणि शेतात कुठे काय चुकलं, हे वेगळं करायला हाताशी कागदच नव्हते. कोणत्या लॉटचं बी, कधी टाकलं, कोणती फवारणी झाली, हे लिहिलेलंच नव्हतं. राज्यात १९६९ चा रोपवाटिका कायदा आहे, पण तो फळझाडांच्या रोपांचा. भाजीपाल्याच्या रोपाला आजही शब्दाचा भरवसा. अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं २०२०-२१ पासून भाजीपाला रोपवाटिकांना अनुदान मिळू लागलं, महिलांना प्राधान्य मिळालं, हे चांगलंच झालं. अनुदान मांडव उभा करतं. माझी मागणी त्यापुढची आहे: प्रत्येक ट्रेबरोबर एक चिठ्ठी जावी, त्यावर बियाण्याचा लॉट, पेरणीची तारीख आणि मारलेली औषधं असावीत. शेतकऱ्यानं ती मागावी. मागितली की नर्सरीवाला लिहायला लागेल.

रोप लांबलं, किडकिडीत झालं, ही तक्रार सगळ्यांत जास्त येते आणि तिचं कारण बहुधा एका दिवसात घडून गेलेलं असतं. बी टाकल्यावर ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदात गुंडाळून ठेवतात. ऊब मिळते, कोबी तीन-चार दिवसांत उगवते, टोमॅटो पाच-सहा, मिरची आठ-दहा. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात मांडायला हवेत. एक दिवस उशीर झाला की कोंब उजेडाच्या शोधात उंच ताणतो, आणि ती ताणलेली मान पुढे सरळ होत नाही. दाट जाळी, ट्रे एकमेकांना चिकटून, नत्राचा मारा, यांनीही तेच होतं. एक उपाय मला वाचून खरा वाटला नव्हता, पण तो खरा आहे: रोपांच्या शेंड्यांवरून रोज हलका हात किंवा काठी फिरवायची. वाऱ्याच्या स्पर्शानं झाडं बुटकी आणि जाड होतात, याचा अभ्यास करून मार्क जॅफ यांनी १९७३ मध्ये या प्रतिसादाला नावही दिलं. कोल्हापूरच्या मांडवांत हे फारसं कुणी करत नाही. केलं तर पानं कोरडी असताना, धुतलेल्या हातांनी करावं, नाहीतर तोच हात विषाणू वाटत जाईल.

पण रोपाचं सगळ्यांत कमी बोललं जाणारं दुखणं म्हणजे वय. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर पंचवीस ते तीस दिवसांत, वांगी तीस-पस्तीस, मिरची पस्तीस-चाळीस दिवसांत ट्रेतून निघायला हवी. त्यापुढे कप्प्यात जागा नसते. मुळं गोल गोल फिरून गच्च होतात, खोड लाकडासारखं होतं. बाहेरून रोप ताठ, देखणं दिसतं, हीच अडचण. फ्लॉवरचं तर फारच. वय झालेलं किंवा उपाशी राहिलेलं फ्लॉवरचं रोप लावलं की ते पानं वाढवायच्या आधीच घाबरून गड्डा धरतं, लिंबाएवढा. हा गड्डा दिसतो तोवर महिना-दीड महिना गेलेला असतो, खुरपणी झालेली असते, खत पडलेलं असतं. शेतकरी तेव्हा बियाण्याला दोष देतो. दोष ट्रेमधल्या जादा दिवसांचा असतो.

२०२३ च्या जूनमध्ये पाऊस महिन्याच्या शेवटापर्यंत आलाच नाही. मिरगाच्या भरवशावर टाकलेली रोपं ट्रेत अडकून पडली. त्या दिवसांत आण्णांच्या मांडवात दर तासाला कुणी ना कुणी येऊन पाणी नाही म्हणून आणखी आठ दिवस ठेवा म्हणायचं. त्यांनी खत बंद केलं, पाणी निम्म्यावर आणलं, जाळी काढून रोपं उन्हावाऱ्याला लावली. इतपत रोपाला थांबवता येतं. आठवडाभर. त्यापुढे नाही. जूनच्या शेवटी पावसाच्या पहिल्या सरी आल्यावर गाड्या लागल्या आणि ज्याला त्याला त्याच दिवशी रोपं हवी झाली.

मी तिथे होतो. एका पाहुण्यांनी टोमॅटो आणि फ्लॉवर दोन्ही मागितले. टोमॅटोची रोपं वय होऊन लांबली होती. आण्णांनी ती दिली, भाव कमी लावला आणि लावायची रीत सांगितली: खालची पानं खुडा, पुंजक्याच्या तळाची गोल मुळं बोटानं मोकळी करा, खोड तिरकं आडवं घालून वरची चार-पाच पानं तेवढी बाहेर ठेवा. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, रोप उभं राहतं. संध्याकाळी लावा, लगेच पाणी द्या. फ्लॉवर मात्र नाही म्हणाले.

“दिसतोय तर झकास की आण्णा,” पाहुणे म्हणाले. “पैसे मोजतोय की.”

“दिसतोय. गड्डा न्हाई पोसायचा. पैसं ऱ्हाऊ द्या.”

पाहुणे थोडे रागावले. शेजारच्या गावातून आणतो म्हणाले. आण्णांनी अडवलं नाही. कोणत्याही नर्सरीतून आणा, फक्त बी कधी टाकलंय ते विचारून घ्या, एवढं सांगितलं. मग आक्काला हाक मारून फ्लॉवरचे ट्रे खतखड्ड्यात रिकामे करायला आणि रिकामे ट्रे क्लोरीनच्या पाण्यात घालायला सांगितलं. नवं बी परवा टाकतोय, महिन्यानं या, असं त्यांनी पाहुण्यांना गाडीत बसता बसता परत एकदा सांगितलं, आणि वहीत त्यांचं नाव लिहून घेतलं.